महिना चार रुपये

निरगुडसर, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातल्या जत्रांत कुस्तीचं इनाम आखाड्यात सगळ्यांदेखत पुकारलं जातं. पैसे घेतले म्हणून पैलवानाची कुस्ती हलकी ठरत नाही. याच जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिकेटमध्ये मात्र हा व्यवहार आडपडद्याने चालला. फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर होते, मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय, तर रोलर ओढायचा, खेळपट्टी आखायची, जाळी लावायची आणि साहेब सरावाला आले की चेंडू टाकायचे. माझ्या मते ते धंदेवाईक खेळाडूच होते. क्लबाच्या हिशेबात ते नोकर राहिले, आणि हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पगार मैदानाच्या निगराणीचा होता, खेळाचा नव्हता, असा आक्षेप येईल. पण जे. जी. ग्रेग हा पूना क्लबाचा नामांकित फलंदाज बाळूंच्या गोलंदाजीवर रोज हात साफ करायचा, आणि आपल्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. ही आख्यायिका खरी धरली तर आठ विकेटांत महिन्याचा पगार वसूल! रोलर ओढण्यापेक्षा फिरकीची किंमत किती जास्त होती, हे क्लबातल्यांना पुरतं ठाऊक होतं. बॅट मात्र त्यांनी बाळूंच्या हाती दिली नाही. याच फिरकीच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवायचं ठरवलं, तेव्हा बाळूंना संघात घ्यावं लागलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी झेलायचा, पण चहाच्या वेळी सवंगडी आत बसणार आणि चर्मकार बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळणार. विटाळ फक्त चहाला होत असावा.

अमेरिकेकडे पाहिलं तर फरक स्पष्ट होतो. तिथे बेसबॉलच्या संघटनेने खेळाडूला पैसे द्यायला बंदी केली होती, म्हणून क्लब चांगल्या खेळाडूला एखाद्या कचेरीत नावापुरती कारकुनी मिळवून द्यायचे. १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने हे सोंग टाकलं आणि साऱ्या संघाला उघड पगार दिला. त्या वर्षी तो संघ एकही सामना हरला नाही. १८७० च्या जूनमध्ये ब्रुकलिनच्या अॅटलांटिक्सने त्याला पहिल्यांदा हरवलं, आणि त्या हंगामानंतर पगारी संघ मोडला. या संघाचा कर्णधार हॅरी राइट सिनसिनाटीत आला होता तो क्रिकेट क्लबाचा पगारी खेळाडू म्हणून. म्हणजे काम जवळपास बाळूंचंच. त्याला वर्षाला १,२०० डॉलर मिळत, आणि पगारी असल्यामुळे त्याच्या कर्णधारपदाला बाध आला नाही.

बाळूंना मात्र कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते जातीमुळे, त्यात पगाराचा काय संबंध, असंही कुणी म्हणेल. जात हे मूळ कारण, हे खरंच. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. रोलर ओढणं त्यांच्या वाट्याला आलं तेच जातीमुळे, आणि एकदा नोकर ठरल्यावर खेळाचा मान हौशी 'सभ्य गृहस्थां'पुरता राखणं सोपं गेलं. पुढे मुंबईत बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली. क्रिकेटपटूला अशी नोकरी देण्याची रीत आपल्याकडे नंतर चांगलीच मुरली. १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघंही संघात होते. भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सगळे सामने धरून शंभरावर बळी घेतले, आणि त्या दौऱ्याचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज. हिंदू संघाचे कर्णधार म्हणून बाळूंची निवड कधीच झाली नाही. १९२३ मध्ये तो मान मिळाला त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, आणि तोवर बाळूंचे खेळायचे दिवस सरले होते.