एलएलसीचं माहेर

न्यू जर्सीत घरगुती डब्यांचा धंदा काढणारी मराठी बाई असो की टेक्सासात सॉफ्टवेअरचं दुकान मांडणारा तिचा भाऊ, दोघांचं उत्तर बहुधा एकच येतं: ‘एलएलसी काढली.’ एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, हा प्रकार अस्सल अमेरिकी, अशी तिथे सार्वत्रिक समजूत. मला ती पटत नाही. एलएलसीचं माहेर जर्मनीत आहे, आणि त्याच घराण्याची एक शाखा एलएलसी जन्मण्याआधी आपल्या गोव्यात नांदत होती.

जन्मगावाबद्दल वाद नाही: वायोमिंग, १९७७. हॅमिल्टन ब्रदर्स ही तेलकंपनी परदेशात तेल शोधताना पनामाची ‘लिमितादा’ प्रकारची कंपनी वापरायची. मायदेशात मात्र तिच्यापुढे जुनाच पेच होता. भागीदारी केली तर कर एकदाच, पण धंदा बुडाला की जप्ती राहत्या घरापर्यंत. कंपनी काढली तर घर वाचतं, पण नफ्यावर कंपनी कर भरते आणि उरल्यातून लाभांश मिळाला की भागधारक पुन्हा भरतो. लिमितादात दोन्ही फायदे साधत होते. तसंच काही इथे करून द्या, असा कंपनीचा आग्रह. आधी अलास्कात खटपट झाली, ती फसली. मग वायोमिंगने कायदा केला. तरीही करखात्याने हिरवा कंदील दाखवायला १९८८ उजाडलं. त्यानंतर मात्र राज्यांची रीघ लागली.

आता खरा प्रश्न. ही लिमितादा आली कुठून?

१८७३ मध्ये जर्मनीत शेअरबाजार कोसळला, कागदी कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. म्हणून १८८४ मध्ये भागभांडवली कंपन्यांचे नियम इतके आवळले गेले, की चार भावांच्या कारखान्याला ते झेपेनात. मधली वाट म्हणून २० एप्रिल १८९२ रोजी ‘गेएमबेहा’ या कंपनीप्रकाराचा कायदा झाला: किमान भांडवल २०,००० मार्क, जबाबदारी मर्यादित, शेअरबाजाराशी संबंध नाही. कुठल्या रूढीतून न उगवता, संसदेने टेबलावर बसून घडवलेला हा प्रकार. तो पहिल्यांदा उचलला पोर्तुगालने, १९०१ मध्ये. पोर्तुगालकडून १९१९ मध्ये ब्राझीलने घेतला. फ्रान्सने १९२५ मध्ये घेतला, कारण महायुद्धानंतर आल्सास-लोरेन परत मिळालं तेव्हा तिथे अशा कंपन्या आधीच सुखाने चालू होत्या. पनामाचा कायदा १९६६ चा. त्याच्या हाताशी ब्राझील होतं की फ्रान्स? माझा कौल ब्राझीलला. पण दोन्ही वाटा शेवटी बर्लिनलाच पोचतात.

पोर्तुगालमागोमाग गोवा आलाच. मुक्तीपूर्वी तिथल्या खाणमालकांच्या पेढ्यांच्या नावांमागे ‘लिमितादा’ लागत असे. पुढे भारतीय कायदा आला आणि त्या जागी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ बसलं.

प्रतिपक्ष म्हणतो, एवढं फिरायला कशाला हवं? पेन्सिल्व्हेनियात १८७४ पासूनच मर्यादित जबाबदारीची ‘पार्टनरशिप असोसिएशन’ होती, नवा सभासद घ्यायला जुन्यांची संमती लागायची, एलएलसीतही तेच. साम्य खरं आहे. वायोमिंगच्या कायद्याची भाषाही बरीचशी अमेरिकी भागीदारी कायद्यांतलीच आहे. पण तो प्रकार मोजक्या राज्यांपलीकडे गेला नाही आणि जवळपास विस्मृतीत गेला होता. चेहरा जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही. ज्याने कायदा करवून घेतला, त्या गिऱ्हाइकाच्या व्यवहारात पेन्सिल्व्हेनियाची नव्हे, पनामाची कंपनी होती. माझ्या लेखी निकाल तिथेच लागतो.

गंमत म्हणजे भारताने एलएलसी घेतलीच नाही. आपला २००८ चा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, कायदा वेगळ्या कुळातला. टेक्सासात बचत-कर्ज संस्था बुडाल्या, त्यांच्या वकिलांवर आणि हिशेबनिसांवर दावे लागले, आणि दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपायी आपलं घर जाऊ नये म्हणून १९९१ मध्ये तिथे एलएलपी आली. इंग्लंडने २००० मध्ये स्वतःची केली, तिथून ती इकडे. पुण्यातला सीए आज नव्या पोराला ‘एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?’ असं विचारतो, तेव्हा एलएलपीच्या बाजूने सांगतो ते हेच: कर फर्मवर एकदाच लागतो, भागीदाराच्या वाट्याच्या नफ्यावर पुन्हा नाही.