गाळणीवर राहिलेले विषाणू

साल १८९२. रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून काढला. जिवाणू वर अडकले, तरी खाली आलेल्या रसाने निरोगी रोपे आजारी पडलीच. पुढे विषाणूची ओळखच ठरून गेली : गाळणीतून निसटतो तो.

या ओळखीत एक गोम होती. गाळणीच्या वर उरलेल्या गाळात विषाणू शोधावा, असे कोणाच्या मनातही येईना.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचा उगम शोधताना टिमोथी रोबॉथम यांना कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमिबांत गोल कण आढळले. ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत होते, जिवाणू ओळखण्याचा ग्रॅम रंगही धरत होते. मग जिवाणूच! नावही पडले, ब्रॅडफर्डकॉकस. मात्र प्रत्येक जिवाणूत असणारे रायबोसोमचे जनुक त्यांच्यात काही केल्या सापडेना. अखेर फ्रान्समधील मार्सेय येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीस पैलूंचे कवच दिसले आणि २००३ मध्ये जाहीर झाले, की हा विषाणू आहे. जिवाणूची नक्कल करणारा म्हणून ‘मिमीव्हायरस’. त्याच्या जनुकसंचात सुमारे १२ लाख अक्षरे निघाली. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत ती साडेतेरा हजारांच्या आसपास असतात.

असे अमिबा गोड्या पाण्यात कुठेही राहतात. पनवेलच्या वडाळे तळ्यासारखे एखादे तळेही त्यांना पुरते. मुंबईत हा शोध पवईला, आयआयटीत, किरण कोंडाबागिल यांच्या प्रयोगशाळेत झाला. रीत साधी : पाण्याचा नमुना अमिबांच्या वाढीत मिसळायचा आणि अमिबा फुटतात का ते पाहायचे. सांडपाण्यातून ‘मिमीव्हायरस बॉम्बे’ मिळाला, शेजारच्या तलावातून ‘पवई लेक मेगाव्हायरस’. दोघांचे जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ वांद्रे आणि कुर्ला ही नावेही विषाणूंना मिळाली. (लोकल गाडीच्या स्थानकांना असा मान क्वचितच लाभतो!)

२०१९ च्या शोधनिबंधात तपासलेल्या वीसच्या वीस नमुन्यांत महाकाय विषाणू हाती लागले. त्यांच्या जनुकीय खुणा जिथे आढळल्या, त्यांपैकी एक जागा होती मुंबईतल्या घरगुती जलशुद्धीकरण यंत्राची पहिली गाळणी. अडकलेला गाळ फेकून न देता, या वेळी तोच तपासला गेला होता.