सदावर्त
‘सदावर्त’ हा शब्द संस्कृतातील ‘सदाव्रत’, म्हणजे अखंड पाळावयाचे व्रत, या समासाचे मराठी रूप असून वर्णविपर्ययाने, म्हणजे शब्दातील वर्णांच्या अदलाबदलीने, त्यातील रकार पुढे सरकला आहे. यात्रेकरू, गोसावी, निराधार यांना दररोज पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देण्याची ही व्यवस्था. शिजवलेले अन्न वाढते ते अन्नछत्र. दात्याच्या लहरीवरील भिक्षेहून सदावर्त निःसंशय श्रेष्ठ, कारण येथे खंड पडला तर व्रतभंगाचा दोष देणाऱ्यालाच लागतो. अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द १७६७–१७९५) दूरदूरच्या तीर्थक्षेत्री असा दानधर्म चालवला आणि त्याचा खर्च, विशेष म्हणजे, दौलतीच्या खजिन्याऐवजी खासगीच्या, म्हणजे राजकुटुंबासाठी वेगळ्या राखलेल्या, उत्पन्नातून भागवला.