फोंतेनब्लोच्या शिळा

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे साठ किलोमीटरांवर फोंतेनब्लो हें गांव आहे. तेथील राजप्रासाद इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. १८१४ सालीं नेपोलियननें आपल्या रक्षकसैन्याचा निरोप घेतला तो याच प्रासादाच्या चौकांत. प्रासादाभोंवतीं पसरलेल्या अरण्याचा इतिहास मात्र राजांपेक्षां पाथरवटांचा, चित्रकारांचा, एका बडतर्फ द्वारपालाचा आणि रविवारच्या सुटीस पॅरिसहून येणाऱ्या तरुणांचा अधिक आहे.

या अरण्याची जमीन वाळूची. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. तो ओसरल्यावर मागें राहिलेल्या शुभ्र वाळूचा वरचा थर सिलिकेनें सांधला जाऊन वालुकाश्म बनला. पुढें तो थर भंगला, खालची मोकळी वाळू वाहून गेली, आणि दगडाचे प्रचंड तुकडे उतारांवर अस्ताव्यस्त पडले. दोन पुरुष उंचीच्या, क्वचित् त्याहून मोठ्या अशा हजारों शिळा आज झाडींत दिसतात, त्या याच. पॅरिसचे रस्ते फरसबंद करण्यासाठीं हा दगड दीर्घकाळ फोडला जात असे. पाथरवट हातोडा मारून नुसत्या नादावरून दगडाची जात ठरवीत. 'पिफ्' असा खणखणीत आवाज आला कीं दगड अति कठीण, सरळ फुटावयाचा नाहीं. 'पाफ्' आला कीं फरशीला योग्य. 'पूफ्' आला कीं भुसभुशीत, टाकाऊ. ही परिभाषा अशास्त्रीय आहे असें कोणी समजूं नये. पुढील हकीकतींत तिचें मर्म दिसून येईल. सरकारी अरण्यांतील या खाणी १९०७ सालीं बंद झाल्या.

बार्बिझाँ या खेड्यांत राहून अरण्याचीं चित्रें काढणाऱ्या तेओदोर रूसो प्रभृति चित्रकारांनीं वृक्षतोडीविरुद्ध आवाज उठविला होता, आणि १८६१ च्या फर्मानानें सुमारे अकराशें हेक्टर भाग केवळ सौंदर्यासाठीं राखून ठेवण्यांत आला. अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनीं झालें. पण सामान्य नागरिकाला त्या सौंदर्यापर्यंत हाताला धरून नेलें तें क्लोद फ्रांस्वा देनकूर (१७८८–१८७५) यानें. हा नेपोलियनच्या सैन्यांतील जुना शिपाई. फोंतेनब्लोच्या छावणींत तो द्वारपाल होता. उदारमतवादी म्हणून १८३२ सालीं त्याची नोकरी गेली. रिकामा झालेला हा मनुष्य अरण्यांत भटकूं लागला आणि अखेर अरण्याचाच होऊन राहिला. १८४२ पासून त्यानें पदरच्या पैशानें पाऊलवाटा आंखल्या, शिळांमधून मार्ग काढले, गुहा खोदविल्या, दगडांना व वृक्षांना नांवें दिलीं. वाटसरू चुकूं नये म्हणून झाडांवर व खडकांवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या. त्याच्या हयातींत अशा दीडशें किलोमीटरांच्या वाटा तयार झाल्या. १८४९ सालीं आगगाडी आली आणि पॅरिसकरांची रीघ लागली. कित्येक चित्रकारांना त्या निळ्या खुणांचा व त्यांच्या मागून येणाऱ्या गर्दीचा तिटकारा वाटे. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पण अरण्य ज्यांनीं कधीं पाहिलेंच नाहीं असे लोक त्याच्या रक्षणार्थ उभे राहतील, ही अपेक्षा तरी कशी धरावी? १८५५ सालीं देनकूरच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथांत ह्यूगो व बोदलेर यांसारख्यांचें लेखन आहे.

विसाव्या शतकारंभीं या शिळांकडे निराळ्या दृष्टीचे लोक वळले. १९०८ सालीं आल्प्स पर्वतावर जाणाऱ्या कांहीं पॅरिसकरांनीं येथें सराव करण्यासाठीं एक मंडळ काढलें. १९२४ मध्यें 'ग्रूप द ब्लो' स्थापन झाला. 'ब्लो' हें अरण्याचें लाडकें नांव. त्यांतील पिएर आलें यानें (१९०४–२०००) खिळ्यांच्या बुटांऐवजीं गुळगुळीत रबरी तळव्याचा हलका बूट सिद्ध केला. आज जगभर वापरले जाणारे आरोहकांचे बूट त्याचेच वंशज होत. १९३५ सालीं आल्प्समधील प्ती द्र्यू या शिखराची उत्तर बाजू त्यानें रेमों लेनिंजे याच्यासह प्रथम सर केली. चार-पांच मीटरांच्या शिळेवर झिजविलेले बूट वायां गेले नव्हते.

बार्बिझाँनजीक, हमरस्त्याला लागून, 'बा क्यूव्हिए' नांवाची शिळांची एक लहानशी वस्ती आहे. पंधरा-वीस मिनिटांत तिला सहज प्रदक्षिणा होते. येथेंच १९४६ सालीं रने फेर्ले यानें 'मारी-रोज' ही अवघड शिळा चढून दाखविली. पुढच्याच वर्षीं येथें एक युक्ति निघाली: शिळांवर रंगानें बाण व आंकडे काढून त्यांची ओळीनें माळ गुंफावयाची आणि एकीमागून एक सर्व चढावयाच्या, म्हणजे पर्वतावरील दिवसभराच्या श्रमांची संवय होते. मग पिवळा सोप्यासाठीं, पुढें नारिंगी, निळा, तांबडा, काळा असे काठिण्यक्रम ठरले. देनकूरची निळी खूण नव्या वेषांत परत आली, तिच्यामागून गर्दीहि आली, आणि जुना वादहि.

येथें पाथरवटांचें 'पूफ्' आठवावें. या शिळेचें बाहेरचें कवच कठीण, पण आंत वाळू. कवच झिजलें कीं आंतला भाग भराभर झडूं लागतो. पावसानें दगड भिजला म्हणजे तो अधिकच दुबळा होतो, व पकड हातांत तुटून येते. बुटाला चिकटलेली वाळू कानशीप्रमाणें दगड घांसते. पाय घसरूं नये म्हणून फडक्यांत राळ बांधून ती खडकावर आपटण्याची तेथील आरोहकांची जुनी चाल. तिनें दगडावर लुकण चढून तो आरशासारखा चकाकूं लागला. शिळांच्या पायथ्याची वाळू पायांनीं तुडवली जाऊन उतारावरून वाहते आणि पाईन वृक्षांचीं मुळें उघडीं पडतात. ज्या अरण्यास कुऱ्हाडीपासून व सुरुंगापासून वांचविलें, त्यास आतां प्रेमिकांच्या पावलांपासून जपावें लागत आहे. म्हणून पावसानंतर शिळेस हात लावूं नये, आणि चढण्यापूर्वीं बूट चटईच्या तुकड्यावर पुसावे, असा तेथें शिरस्ता पडला आहे. राळ आज पुष्कळ आरोहक वर्ज्य मानतात. पायथ्याशीं लांकडी ओंडके आडवे रोवून वाळू थोपविण्याचें कामहि कितीएक ठिकाणीं झालें आहे.

मारी-रोजची शिळा अद्याप जागच्या जागीं आहे. फेर्लेनें ज्यांवर पाय ठेवले ते आधार त्यानंतर असंख्य पावलांनीं घांसून कांचेसारखे गुळगुळीत झाले आहेत, आणि तिच्या काठिण्याचा अंक पुस्तकांत पूर्वींचाच असला, तरी नवखा आरोहक तिच्या पायथ्याशीं बूट पुसून पुसून पुनःपुन्हां खालीं घसरतो.