घासदाणा : नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाचे वनमुक्काम आणि भाषांची साक्ष

मराठी राज्यव्यवहारातील करांच्या नावांत ‘घासदाणा’ हा शब्द वेगळा उठून दिसतो. चौथ म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वतनी हक्क. ही नावे हिशेबाची व अधिकाराची आहेत. घासदाणा हे नाव मात्र थेट घोड्याच्या तोंडापाशी नेऊन सोडते. मुक्कामाच्या गावाने फौजेच्या घोड्यांना वैरण व दाणा पुरवावा, ही मूळची गरज. पुढे फौज आली नाही तरी तिच्या न येण्याबद्दल रोख रक्कम घेतली जाऊ लागली आणि चाऱ्याची मागणी हक्काच्या वसुलीत बदलली. नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीत या बाबीला एवढे महत्त्व आले की, माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात १७६९ मध्ये कनकापूर येथे झालेल्या तहात औरंगाबाद सुभ्यातील घासदाण्याविषयी स्वतंत्र कलम घालावे लागले. एका मुक्कामाची गरज दोन सत्तांमधील वादाचा विषय कशी झाली, हे समजून घ्यायचे तर तहनाम्यापेक्षा मुक्कामाकडेच आधी पाहिले पाहिजे.

मराठी घोडदळाच्या छावणीविषयीचा सर्वांत बोलका कागद कोकणातला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात पावसाळ्यासाठी राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना व कारकुनांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र सर्वपरिचित आहे. त्याचा उल्लेख बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा युक्तिवाद घोड्यापासून सुरू होतो, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. दाणा आणि गवत आताच उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, फाटे, भाजी ओरबाडू लागाल. तो गाव सोडून जाईल आणि त्याला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, अशी ती साखळी आहे. पुढे आगीची भीती येते : गवताच्या गंजीजवळ चूल पेटवणे, तंबाखू ओढणे, रात्री दिवा तसाच ठेवणे आणि उंदराने त्याची जळती वात ओढून नेणे. उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार पोचलेला हा कागद प्रशासनाचा आहे; तरीही सतराव्या शतकातील मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणून त्याचे वाचन व्हावे, इतकी त्याची वाक्ये जिवंत आहेत. बारीक तपशिलातून नीती सिद्ध करण्याची ही रीत पुढच्या बखरकारांना क्वचितच साधली.

चिपळूणची छावणी स्वराज्याच्या मुलखात होती. पुरवठा संपला तर जाब विचारणारे सरकार जवळ होते. नागपूरकरांच्या फौजांना पूर्वेकडे जाताना जे मुक्काम करावे लागले, त्यांची परिस्थिती निराळी होती. नागपूरहून छत्तीसगडात, तेथून संबळपूरमार्गे कटकाकडे किंवा ईशान्येला पंचेटच्या रानांतून बंगालकडे जाणारा मार्ग साल, साग आणि बांबूच्या वनांतून जात असे. भीमथडीच्या कोरड्या माळावर वाढलेल्या घोड्याला हा मुलूख मानवणारा नव्हता. गवत विपुल, पण ओले व मोठ्या काड्यांचे. दाणा मात्र दुर्मीळ. घोड्याची चंदी म्हणजे मुख्यतः हरभरा, आणि छत्तीसगड हा भाताचा देश. पावसाळी वनप्रदेशात गोमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा ‘सर्रा’ हा रोग घोड्यांना मारक असे. त्याचे जंतू १८८० साली ग्रिफिथ इव्हान्सने डेरा इस्माईलखान येथे ओळखले. त्यापूर्वी घोडी झुरून मरतात एवढेच दिसे, कारण उमगत नसे. म्हणून दसऱ्यानंतर निघावे आणि पावसाआधी परतावे, हा मराठी स्वारीचा क्रम केवळ धार्मिक मुहूर्ताचा नव्हता. त्यात जनावराचे वेळापत्रक होते.

मुक्काम पडे तो असा. बिनीवाला आघाडीला जाऊन पाणी, गवत आणि मोकळी जागा पाहून निशाण रोवी. त्या खुणेवरून सरदाराचे डेरे, बाजाराच्या पेठा आणि पथकांच्या राहुट्या यांची जागा ठरे. दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत १८०९ मध्ये राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत (प्रकाशन १८१३) या मांडणीचे वर्णन केले आहे. वरवर गोंधळ वाटणाऱ्या त्या वस्तीत कोणाची पेठ कोठे, हे रोजच्या रोज ठरलेले असे, हे त्याच्या ध्यानी आले. घोडी मेखांना आगाडी-पिछाडीने बांधली जात, मोतद्दार खरारा करी, तोबरे चढत. दरम्यान ‘कही’ निघालेली असे. म्हणजे गवत व लाकूडफाटा आणण्यासाठी रानात गेलेली टोळी. दाणा वंजारी-लमाणांच्या बैलतांड्यांवर अवलंबून असे. तांडा आला तर छावणी म्हणजे फिरते नगर. न आला तर कही रानाऐवजी गावाकडे वळे. घासदाण्याच्या इतिहासाचे मर्म या वळणात आहे.

या मुक्कामांनी मराठीला दिलेले शब्द अजून वापरात आहेत, पण घोडे गेले. सुमार मजकुराला ‘खोगीरभरती’ म्हणणाऱ्या समीक्षकाला खोगिरात कोंबलेल्या चिंध्या आठवत नाहीत.

१७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर आला. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचला होता. फारसा प्रतिकार झाला नाही. एक लाख रुपये दंड घेऊन राज्य भोसल्यांच्या अंकित झाले. पुढच्याच वर्षी याच वाटेने भास्कररामाने बंगालवर स्वारी केली. एप्रिल १७४२ मध्ये त्याने बर्दवानजवळ नवाब अलीवर्दीखानाच्या फौजेची रसद तोडली, तेव्हा नवाबाच्या लष्कराला केळीचे कंद उकडून खावे लागले. मराठी युद्धतंत्राचे हे यश म्हणजे दुसऱ्याच्या छावणीला स्वतःच्या छावणीची भीती दाखवणे होते. पावसाळ्यापूर्वी परतण्याचा विचार मात्र मीर हबीबच्या सल्ल्याने मागे पडला आणि फौजेने भागीरथीकाठी काटव्याला छावणी केली. क्रम मोडला गेला. २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे, दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीने नदी ओलांडून हल्ला केला आणि मराठी फौज पंचेटच्या रानांत पांगली. पुढील मोहिमेत, ३१ मार्च १७४४ रोजी, मानकरा येथे वाटाघाटीच्या शामियान्यात भास्कररामाची त्याच्या सरदारांसह हत्या झाली. १७५१ च्या तहाने बंगालची बारा लाखांची चौथ ठरली आणि ओरिसा भोसल्यांच्या ताब्यात आला. छत्तीसगडची वाट स्वारीची न राहता कारभाराची झाली.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या दशकाचे खरे महत्त्व एका शब्दाच्या प्रवासात आहे. मराठीत ‘शिलेदार’ स्वतःचे घोडे बाळगणारा आणि ‘बारगीर’ सरकारी किंवा सरदारी घोड्यावर बसणारा. शब्द मूळ फारसी, अर्थ ओझ्याशी जोडलेला. सैनिकी उतरंडीत बारगीर खालच्या पायरीवर. त्याला ना घोड्याची मालकी, ना लुटीत मोठा वाटा. बंगालीत हाच शब्द ‘बर्गी’ झाला आणि साऱ्या मराठी फौजेचे, किंबहुना संकटाचेच नाव बनला. मुलांना निजवताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यात तो शिरला, तेव्हा मराठी उतरंड पूर्ण पुसली गेली होती. पळणाऱ्या गावकऱ्याला येणाऱ्या स्वाराचे घोडे कोणाच्या मालकीचे, याच्याशी कर्तव्य नव्हते.

याची दोन लिखित रूपे जवळजवळ समकालीन आहेत. बर्दवानच्या दरबारातील बाणेश्वर विद्यालंकाराचा ‘चित्रचंपू’ (१७४४) संस्कृतात आहे. गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’ बंगालीत, १७५१ च्या हस्तलिखितात उपलब्ध. (त्याचे एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.) गंगारामाची रचना आरंभी पौराणिक आहे : पापांचा भार झालेली पृथ्वी गाऱ्हाणे मांडते आणि शिव शाहूंकडे निरोप धाडतो. म्हणजे मराठे प्रथम दैवी दंडाचे साधन म्हणून येतात. मग काव्य जमिनीवर उतरते. कोणत्या जातीचा, कोणत्या धंद्याचा मनुष्य काय उचलून पळाला, कोणती गावे जळली, तांदूळ किती महागला, याची यादी सुरू होते. अखेरीस ब्राह्मण-वैष्णवांवरील अत्याचारांमुळे देवीच भास्कररामावर उलटते. पुराणाची चौकट आणि वार्तेचा ऐवज यांचा असा संयोग मराठी बखरीतही आढळतो. फरक दृष्टीच्या जागेचा आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोंसल्यांची बखर’ स्वारी सांगते ती छावणीच्या आतून. गंगाराम तीच सांगतो ती कही ज्या गावावर आली त्या गावातून. चिपळूणच्या पत्रातील कुणबी, जो छावणीला मोगलांहून वाईट ठरवील अशी भीती होती, तो सत्तर वर्षांनी बंगालीत बोलला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मराठी इतिहासलेखनाने, अगदी यादव माधव काळे यांच्या ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ (१९३४) या परिश्रमपूर्वक ग्रंथापर्यंत, राजकारण आणि वसुली यांना दिलेली जागा पाहता हा आवाज मराठी वाचकापुढे फार उशिरा व फार थोडा आला.

छत्तीसगडची साक्ष या दोहोंहून वेगळी आहे. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहिला. स्वारीवरची फौज मुक्काम करते. बिंबाजीने घर केले. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्याच्या नावाशी निगडित आहे, मोडी लिपी व मराठी कारभाराची भाषा तेथे रुळली. विजयादशमीला ‘सोनपत्र’ देण्याची छत्तीसगडातील चाल इतिहासकार त्याच्याच काळाशी जोडतात. महाराष्ट्रात आपट्याचे पान सीमोल्लंघनाशी, म्हणजे घोडदळ बाहेर पडण्याच्या दिवसाशी बांधलेले. छत्तीसगडात ते उरले तेव्हा स्वारी संपलेली होती. बिंबाजीनंतर सुभेदारांचा काळ आला. विठ्ठल दिनकराच्या सुभेदारीत परगण्यांची पद्धत बसली आणि कमाविसदार, फडणवीस हे शब्द रानाच्या काठापर्यंत गेले. पण रानात नाही. १७९५ मध्ये याच मुलखातून गेलेल्या कॅप्टन जेम्स ब्लंटने कांकेरहून बस्तरात उतरू पाहिले, तेव्हा गोंडांच्या प्रतिकारामुळे त्याला मागे फिरावे लागले. घोड्याची सत्ता जेथे गवत-पाणी मिळेल तेथवरच होती.

१८१८ नंतर कंपनीच्या देखरेखीत राजधानी रतनपूरहून रायपूरला आली, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर मुक्कामाचा वारसा इंग्रज अधिकाऱ्यांकडे गेला. हिवाळ्यात जिल्ह्याचा अधिकारी घोड्यावरून दौरा करी. डेऱ्यांचा एक संच रात्रीच पुढच्या मुक्कामी रवाना होई. जेम्स फॉर्सिथच्या १८७१ मधील मध्य भारतविषयक ग्रंथात वनातील असे मुक्काम इतक्या प्रसन्नपणे वर्णिले आहेत की, डेरे वाहिले कोणी आणि गवत कापले कोणी, हे वाचकाच्या मनातही येऊ नये. उत्तर बेगारीत होते. घासदाणा रोख झाला होता. बेगार अंगमेहनतीची राहिली. बस्तरचा १९१० चा भूमकाल आणि सिहावा-नगरीचा १९२२ चा जंगल सत्याग्रह यांच्या कारणांत वनहक्कांबरोबर बेगारीचा जाच होता. सत्तेचा मुक्काम रानातील माणसाला काय किमतीला पडतो, हा चिपळूणच्या पत्रातला प्रश्न येथे दुसऱ्या भाषांत आणि दुसऱ्या सरकारपुढे उभा राहिला.

रायपूरच्या जुन्या वस्तीतील बूढापारा या संदर्भात लक्षणीय ठरतो. तो ज्याच्या काठी वसला आहे, त्या बूढा तलावाचे नाव लोकपरंपरा गोंडांच्या बूढादेवाशी जोडते. जवळच्या तात्यापाऱ्याच्या नावात मराठी आदरवाचक टिकून आहे. १८७७ मध्ये वकील विश्वनाथ दत्त यांचे बंगाली कुटुंब बूढापाऱ्यात राहू लागले. त्यांचा मुलगा नरेंद्रनाथ, पुढचा विवेकानंद, सुमारे दोन वर्षे तेथे वाढला. रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती, त्यामुळे शेवटचा लांब टप्पा त्याने जंगलातून, मुक्काम करीत, बैलगाडीने केला. ज्या भाषेत ‘बर्गी’ हा शब्द अंगाईत शिरला होता, ती भाषा बोलणारे आणि ज्यांच्या भाषेत ‘बारगीर’ हा जमाखर्चातला शब्द होता, ते एका शहरात पाणी भरू लागले. तलावापासून जवळच आज माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठीभाषक सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले ते हिंदीत, रामराव चिंचोलकर व वामन बळीराम लाखे यांच्या साथीने. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. घोडदळाच्या वाटेने आलेली मराठी त्या वेळेपर्यंत छत्तीसगडात भाषांतराची भाषा झाली होती.