धुरातली पाटी

या मंडपात येताना दारावरची पाटी आपणांपैकी किती जणांनी वाचली असेल? मीही वाचली नाही. दार उघडे आहे, दिवे लागलेले आहेत, तोवर पाटीचे काम कोणास पडत नाही. विमानातील पाटीचा इतिहास मात्र दिवे दिसेनासे झाल्यावर सुरू होतो.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक डीसी-९ विमान डॅलसहून टोरांटोकडे चालले असता मागील शौचगृहापाशी धूर दिसू लागला. सेवकवर्गाने उतारूंना पुढल्या भागात आणून बसविले, नाकातोंडावर धरण्यास ओले रुमाल दिले, आणि वैमानिकाने विमान सिनसिनाटीस उतरविलेही. येथवर सारे ठीक झाले, असेच कोणीही म्हणेल. पण दारे उघडताच ताजी हवा आत शिरली व साठ ते नव्वद सेकंदांत आतला भाग एकदम पेटला. ४६ जणांपैकी २३ जण गेले. त्यांतील दोघांचे देह पंखावरच्या दारांच्या मागे सापडले. त्यांना तर आधीच पुढे आणून बसविलेले होते! म्हणजे वाट चाचपीत ती माणसे दारावरून पुढे निघून गेली. दार हाताच्या अंतरावर असूनही ते त्यांना कळले नाही.

पाट्या नव्हत्या असे नाही. त्या उंचावर, छताजवळ होत्या. तापलेला धूर वर चढतो आणि प्रथम छत व्यापतो, हे आपल्या घरातली चूल पेटविणाऱ्या बाईसही ठाऊक असते. विमानशास्त्रास ते नियमात उतरवावयास १९८४ साल उजाडले. त्या वर्षीच्या अमेरिकन नियमाने सांगितले की, जमिनीपासून चार फुटांच्या वरील सारा प्रकाश झाकला गेला, तरी उतारूस दाराची वाट दिसली पाहिजे. मार्गिकेच्या कडेने लागणारे ते मिणमिणते दिवे तेव्हापासूनचे.

पण वाट दिसली म्हणजे माणूस बाहेर पडतोच असे नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला एक विमान धावपट्टीवरच पेटले. ते जमीन सोडून उठलेही नव्हते. तरी १३७ पैकी ५५ जण मेले, बहुतेक धुराने. नवे विमान नव्वद सेकंदांत रिकामे होते की नाही, याची परीक्षा निम्मी दारे बंद ठेवून १९६७ पासून घेतली जाते खरी. परंतु तेथील माणसांस आग खोटी असल्याचे माहीत असते, म्हणून ती शिस्तीने उतरतात. क्रॅनफिल्डच्या हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर नामी युक्ती काढली. पहिल्याने बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांस पाच पौंड जादा! लगेच लोक खुर्च्यांवरून उड्या मारू लागले, अरुंद दारांत अडकू लागले. दारापाशी आसनांत किती जागा हवी, हे त्या रेटारेटीने शिकविले.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या दुसऱ्या विमानातील पाच जण मेले. जपान एअरलाइन्सच्या विमानातील ३७९ जण मात्र सर्व वाचले. आठ दारांपैकी उघडली फक्त तीन. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. दार कोठे आहे हे पाटी सांगते. दारापलीकडे आग आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. ते सेवकवर्गाने खिडकीतून पाहिले, आणि ओरडून सांगितले.