सत्तरीचा कायदा

निवृत्तीचे वय ६५ हे बिस्मार्कने ठरवले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. १८८९ साली जर्मन संसदेने संमत केलेल्या वृद्धत्व व अपंगत्व विम्याच्या कायद्यात अट ७० वर्षांची होती. ती ६५ वर आली १९१६ साली, ऐन महायुद्धात; तोवर बिस्मार्कला जाऊन १८ वर्षे झाली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सत्तरीनंतर काम थांबवावे, अशी या कायद्याची अपेक्षाच नव्हती. उतारवयात मजुरी घटते, तिची थोडी भरपाई व्हावी, एवढाच हेतू. कामगार व मालक यांच्या समान वर्गण्या आणि सरकारचे वर्षाला ५० मार्क यांतून उभ्या राहणाऱ्या त्या तुटपुंज्या रकमेवर घर चालणे कठीणच होते.

शिवाय सत्तरी गाठण्याआधीच माणसे मोडून पडत. वयाची अट नसलेले अपंगत्व-वेतन घेणाऱ्यांची संख्या काही वर्षांतच वृद्धत्व-वेतन घेणाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेली. केव्हा थांबावे, हा निर्णय खाणकामगाराच्या हाती नव्हताच. तो त्याचे शरीर घेई; शिक्कामोर्तब डॉक्टर करी. (आपण ज्याला आज निवृत्तीचे नियोजन म्हणतो, त्याचा येथे मागमूसही नाही.)

खुद्द बिस्मार्क कायदा झाला तेव्हा ७४ वर्षांचा होता आणि पद सोडायला मुळीच राजी नव्हता. मार्च १८९० मध्ये तरुण कैसर दुसऱ्या विल्हेल्मने त्याला राजीनामा द्यायला लावला. कायदा अमलात यायला तेव्हा नऊ महिने अवकाश होता.